नवी शेगडी, जुनी नळी आणि गॅसचा वास

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चतुर्थी तोंडावर आली की चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीच्या दुकानांत शेगड्यांचे खोके छताला टेकतात. मुंबईची माणसे उतरणार, मोदकपात्र आणि भाताचे पातेले एकाच वेळी दोन बर्नरवर मावत नाही, म्हणून तीन-चार बर्नरची काचेची शेगडी किंवा ओट्यात बसणारा हॉब घरात येतो. बसवणारा येतो, जोडतो, सगळे बर्नर पेटवून दाखवतो आणि पैसे घेऊन जातो. संध्याकाळी घरातले कोणीतरी विचारते, ‘‘गॅसचा वास येता काय गो?’’ फोन लावला की उत्तर ठरलेले: ‘‘नवीन आसा ना, दोन दिस वास येतलोच. आपसूक जातलो.’’

हे उत्तर चुकीचे आहे आणि सणाच्या भरल्या घरात धोक्याचेही, एवढ्यासाठी हे पत्र.

नव्या शेगडीला वास येतो हे खरे, पण तो वेगळा. कारखान्यात पत्र्याला लावलेले तेल आणि बर्नरवरचा लेप पहिल्या एक-दोन वेळा जळतो, त्याचा वास धुराकडे झुकणारा असतो, शेगडी पेटलेली असतानाच येतो आणि बंद केल्यावर ओसरतो. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा असा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे गंधकयुक्त रसायन मिसळतात. सडक्या कोबीसारखा तो वास शेगडी बंद असताना येत असेल, तर कुठून तरी गॅस बाहेर पडतो आहे. दोन दिवसांत तो जात नाही, आपले नाक त्याला सरावते. म्हणून शंका आली की दिवसभर स्वयंपाकघरात असलेल्या माणसाला विचारू नये. अंगणातून आत आलेल्याला विचारावे. आपल्याकडे घोटाळा करणारे वासही पुष्कळ: सुकटीचा उघडा राहिलेला डबा, माळ्यावर मेलेला उंदीर, मोरीत कुजलेली फणसाची चारखंडे. सिलिंडर संपत आला की मरकॅप्टनचे प्रमाण वाढून वास उग्र होतो, तेही लक्षात घ्यावे. पण यांतले काहीतरी असेल अशी समजूत करून घेण्याआधी रेग्युलेटर बंद करून घर तासभर मोकळे ठेवावे. वास गेला आणि रेग्युलेटर उघडल्यावर परत आला, तर सुकटीवर आळ घेऊ नये.

हा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो पाण्यासारखा जमिनीवरून वाहतो असे धरून चालावे. चिऱ्याच्या जुन्या घरात स्वयंपाकघरातून न्हाणीघरात किंवा मागच्या पडवीत जायला एक पायरी उतरावी लागते आणि नेमकी तिथेच आंघोळीच्या पाण्याची चूल किंवा बंब पेटलेला असतो. ओट्याखाली साठलेला गॅस ती पायरी उतरतो, मोरीच्या भोकातून पलीकडे जातो. वास स्वयंपाकघरात आणि भडका न्हाणीत, असे होते ते यामुळे. दुसऱ्या अंगाला माजघरात गणपतीपुढे समई रात्रंदिवस तेवत असते. दोन-अडीच इंचांचा उंबरठा गॅसला कितीसा अडवणार? हवेत साधारण दोन टक्के गॅस मिसळला की ठिणगी पुरते. मरकॅप्टन अशा प्रमाणात घातलेले असते की या दोन टक्क्यांच्या पाचव्या हिश्शालाच वास कळावा. म्हणजे वास आला तेव्हा वेळ हातात असतो, तो ‘येणारच’ म्हणण्यात घालवू नये.

वास आला की पहिला हात रेग्युलेटरकडे गेला पाहिजे. बंद करावा, काढावा आणि सिलिंडरच्या तोंडावर कॅप दाबून बसवावी. (ही कॅप दोरीसकट सिलिंडरलाच लटकत असायला हवी. बहुतेक घरांत ती पहिल्याच आठवड्यात पोरांच्या खेळण्यात जाते.) समई, निरांजन, उदबत्ती विझवावी, न्हाणीतल्या चुलीवर पाणी ओतावे. विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये. लागलेला दिवा बंदही करू नये, ठिणगी दोन्ही वेळा पडते. एक्झॉस्ट फॅन लावून वास घालवणे ही सर्रास होणारी चूक. फ्रिज मात्र विचारून सुरू होत नाही. पावसात लाइट जाते-येते तेव्हा तो आपसूक धरतो, आणि इन्व्हर्टरवाल्या घरात तर अधिकच घोळ. म्हणून मेन स्विच बाहेर ओटीवर असेल आणि तिथवर वास पोचला नसेल, तर तिथून वीज तोडावी. ओटीवरही वास असेल तर स्विच राहू द्यावा आणि माणसे खळ्यात आणावीत. फोन तिथूनच करावा. गॅसगळतीसाठी 1906 हा क्रमांक चोवीस तास चालतो.

वरची खिडकी उघडून हा गॅस फारसा जात नाही, दार उघडावे लागते. ज्या दाराबाहेर चूल नाही ते दार उघडून सुपाने किंवा पुठ्ठ्याने जमिनीलगतची हवा बाहेर ढकलावी. कॅप लावूनही सिलिंडर फुसफुसत असेल तर तो उभाच धरून बाहेर मोकळ्यावर ठेवावा, विहीर, गटार आणि खोलगट जागेपासून लांब. आडवा करू नये. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि एक लिटर द्रवाचा साधारण 250 लिटर वायू होतो. शेवटचा गॅस निघावा म्हणून सिलिंडर आडवा करून शेगडी पेटवणारी घरे अजून आहेत, त्यांनीही हे वाचावे.

घर मोकळे झाले की गळती शोधता येते, आणि त्याला यंत्र लागत नाही. दिवसाउजेडी करावे. अर्ध्या वाटी पाण्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण आणि एक जुना दाढीचा ब्रश घ्यावा. हॉबला ठिणगीसाठी सेल असेल तर तो आधी काढावा, पिन असेल तर उपसावी. नव्या हॉबचा एक नॉब दाबला की सगळ्या बर्नरवर ठिणग्या उडतात, नॉब पुसतानासुद्धा. मग सगळे नॉब बंद ठेवून रेग्युलेटर उघडावा आणि एकेका सांध्याला साबणाचे पाणी लावून मिनिटभर बघत राहावे. मोठी गळती फुगा काढते, बारीक गळती पेजेवर साय धरावी तसा पांढरा फेस हळूहळू धरते. घाईत बघणाऱ्याला दुसरी दिसत नाही. काडी ओढून गळती शोधणारे ‘अनुभवी’ अजून भेटतात, त्यांना दारातूनच परत पाठवावे. तपासून झाल्यावर सांधे साध्या पाण्याने पुसावेत, साबण पितळेवर आणि जस्तावर ठेवू नये.

पहिला सांधा रेग्युलेटर आणि सिलिंडरचा. नवी शेगडी ज्या दिवशी आली त्याच दिवशी सिलिंडरही बदललेला असतो, असे फार वेळा होते, आणि दोष शेगडीला लागतो. सिलिंडरच्या तोंडात आत एक रबरी रिंग असते. ती चिरली, सरकली किंवा गायब असली की रेग्युलेटर उघडल्यावर तिथे फेस येतो. रेग्युलेटर काढल्यावरही तोंडात टाकलेल्या चार थेंब पाण्यातून बुडबुडे येत असतील तर आतली पिन धरत नाही. दोन्ही गोष्टी घरी दुरुस्त करायच्या नाहीत, सिलिंडर बदलून घ्यायचा. कुकरची किंवा नळाची रिंग कापून बसवणे तर नकोच. सिलिंडर घेताना पोचवणाऱ्याकडून ही पाण्याची तपासणी दारातच करून घेतली की पुढचा त्रास वाचतो. रेग्युलेटरच्या अंगावर एक बारीक छिद्र असते, तिथे फेस आला तर आतला पडदा फाटला आहे. ते छिद्र एमसीलने बुजवलेले रेग्युलेटर चालू घरांत सापडतात. त्याने गळती थांबते, पण पडद्याला हालचाल करायला हवा मिळत नाही आणि दाब बिघडतो. असा रेग्युलेटर बदलावा.

दुसरा सांधा नळीचा, आणि आमच्या मते नव्या शेगडीच्या गळतीचा मुख्य चोर हाच. जुनी नळी जुन्या शेगडीच्या तोंडावर वर्षानुवर्षे बसलेली असते. तिचे टोक त्या मापाला फाकून कडक झालेले असते. नव्या शेगडीच्या तोंडावर ती बसते, पण धरत नाही. मग बसवणारा इंचभर टोक कापतो आणि पुन्हा खोचतो. नळी वर्षभराचीच असेल तर चालून जाते, नाहीतर आतूनही रबर म्हातारे झालेले असते. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांत बदलायची असते, तारीख तिच्यावरच छापलेली असते, शेजारी आयएस 9573 हा मानकाचा क्रमांक. नवी शेगडी आणली की नळी नवीच घ्यावी, हजारोंच्या खरेदीत तेवढे जड नाही. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको, मध्ये सांधा तर नकोच. बसवताना टोक मिनिटभर गरम पाण्यात धरावे म्हणजे मऊ होते. तेल, ग्रीस, साबण लावून सरकवू नये. आज जे सहज आत जाते ते उद्या सहज बाहेर येते. तोंडावरच्या सगळ्या कंगोऱ्यांवरून नळी पुढे गेली पाहिजे. एखादा कंगोरा बाहेर दिसत असेल तर काम अपुरे आहे. क्लिप लावलीच तर बेताने आवळावी, तिची कड रबर कापते. शिवाय खाडीकाठच्या आणि किनाऱ्याच्या घरांत खाऱ्या हवेने क्लिपचा स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून चिकटतो, बघणाऱ्याला घट्ट वाटतो, आणि पट्टी मात्र सैल पडलेली असते.

उंदरांचे काय सांगावे. सुरक्षा नळीत पोलादी तारेची जाळी असते, म्हणून ती उंदराला आरपार तोडता येत नाही, पण वरचे रबर तो कुरतडतो आणि तार उघडी पडून गंजते. नळी हाताने पूर्ण लांबी चाचपून बघावी. खालची, भिंतीकडची बाजू डोळ्यांना दिसत नाही. नळीवर कापडी किंवा प्लॅस्टिकचे शोभेचे आवरण घालू नये, त्याखाली काय चालले आहे ते कळत नाही.

तिसरा सांधा ओट्यात बसणाऱ्या हॉबचा. याच्या पोटाखाली गॅस आत घेणारे आट्यांचे तोंड असते आणि खोक्यात एक पितळी एल्बो (काटकोनात वळलेला जोड), सोबत एक चपटा वॉशर येतो. वॉशर छोट्या पिशवीत असतो आणि ती पिशवी बऱ्याचदा खोक्याबरोबर रद्दीत जाते. मग बसवणारा टेफ्लॉन टेपचे दहा वेढे मारून एल्बो आवळतो. जिथे सांधा वॉशरच्या सपाट तोंडावर बंद होतो, तिथे टेपचा उपयोग नाही. उलट जाड टेपमुळे एल्बो पुरता बसत नाही आणि वॉशर असला तरी दाबला जात नाही. जिथे आट्यांवरच सांधा धरतो तिथे टेप लागते, ती आटे वळण्याच्या दिशेने गुंडाळायची, पुढचा एक आटा मोकळा सोडून. नाहीतर टेपचा तुकडा आत जाऊन जेटमध्ये (बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीत) अडकतो आणि चौथ्या दिवशी एका बर्नरची ज्योत मरते. कोणता सांधा कोणत्या प्रकारचा, हे हॉबबरोबरच्या पुस्तिकेत चित्रासह असते. आवळतानाही दोन पाने (स्पॅनर) लागतात: एकाने हॉबचे तोंड धरायचे, दुसऱ्याने एल्बो फिरवायचा. एकाच पान्याने जोर केला की हॉबच्या आतली नळी पिळवटते आणि गळती बाहेरच्या सांध्यातून आतल्या सांध्यात जाते, जिथे साबणाचा ब्रश पोचत नाही.

आतले सांधे प्रवासातही ढिले होतात. मुंबई-गोवा महामार्गावरून आलेला हॉब म्हणजे एका अर्थाने चाचणी होऊन आलेलाच माल. आत एका लांब नळीवर सगळे कॉक, म्हणजे नॉबने फिरणाऱ्या गॅसच्या चाव्या, बसवलेले असतात. नॉब ओढून काढले की कॉकच्या दांड्या दिसतात, तिथे ब्रश फिरवावा. फेस आला तर कॉकचे ग्रीस वाळले आहे किंवा कॉक हलला आहे. तो उघडून घरचे ग्रीस भरू नये, हॉब वॉरंटीत असतो, कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे. बर्नरची टोपी काढून जेटच्या टोकावर साबणाचा थेंब ठेवला आणि नॉब बंद असताना फुगा आला, तर तो कॉक पूर्ण बंद होत नाही.

एकाही सांध्याला फेस आला नाही आणि तरी पेटवताना वास येतो, तर पेटवण्याची पद्धत तपासावी. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारे हॉब आता मिळतात. त्यात बर्नरशेजारी एक बारीक दांडी असते, ती तापेपर्यंत, म्हणजे पाच-दहा सेकंद, नॉब दाबून धरावा लागतो. सवय नसलेला माणूस लगेच सोडतो, ज्योत विझते, पुन्हा दाबतो. चार वेळा असे झाले की चार वेळचा गॅस ओट्यावर. पहिल्या प्रयत्नात पेटला नाही तर मिनिटभर थांबावे. ही सोय नसलेल्या शेगडीत वाऱ्याने मंद ज्योत विझली तर गॅस चालूच राहतो. दर्याकडच्या खिडकीसमोर शेगडी असेल आणि दूध मंद आचेवर ठेवून बाईमाणूस पूजेला बसली असेल, तर वासाचे कारण फार शोधावे लागत नाही.

मॉड्युलर ओट्याबद्दल एवढेच: सिलिंडर बंद कपाटात ठेवला असेल तर दाराच्या खालच्या कडेला, अगदी तळाशी, जाळी हवी, आणि वरही. सुतार सौंदर्यासाठी ती गाळतो. जाळी नसलेले कपाट म्हणजे गॅसचा हौद. नळी प्लायवूडच्या भोकातून जात असेल तर भोकाची कड गुळगुळीत करून घ्यावी, आणि नळी हॉबच्या तापलेल्या पोटाला किंवा ओव्हनच्या पाठीला टेकू देऊ नये. भिंतीत गाडलेली रबरी नळी काढूनच टाकावी.

गणपतीच्या महाप्रसादासाठी एका सिलिंडरला टी (दोन फाटे काढणारा जोड) लावून हॉब आणि मोठी भट्टी दोन्ही चालवणे, किंवा भट्टीचा लाल, चावीने दाब वाढवायचा रेग्युलेटर हॉबला लावणे, दोन्ही नको. घरचा रेग्युलेटर दर चौरस सेंटिमीटरला 30 ग्रॅम इतकाच दाब देतो आणि हॉबचे कॉक तेवढ्यासाठीच बनवलेले असतात. भट्टीच्या दाबाला ते गळणारच.

या 30 ग्रॅमचा एक उपयोग आहे. इतका दाब म्हणजे बरोबर 30 सेंटिमीटर पाण्याचा स्तंभ. इंग्रजी यू आकारात वाकवलेल्या पारदर्शक नळीत पाणी भरून ती एका बर्नरच्या जेटला जोडली, तो एकच नॉब आणि रेग्युलेटर उघडला, की दोन्ही बाजूंच्या पाण्यात तिसाच्या आसपास किंवा थोडा जास्त फरक पडतो. मग रेग्युलेटर बंद करायचा आणि पाच मिनिटे पाणी बघायचे. फरक कमी होऊ लागला तर रेग्युलेटरपासून जेटपर्यंत कुठेतरी गळती आहे, मग नाकाला कळो वा न कळो. हे काम जाणत्या फिटरचे, घरच्यांनी करायचे नाही, पण करून मागायचे जरूर. हॉब बसवून झाल्यावर ‘पाणी लावून दाखवा’ म्हणावे, आणि बिलावर तसे लिहून घ्यावे. दुकानदारांनी ही तपासणी बसवण्याच्या पैशातच धरावी, ही आमची त्यांना जाहीर विनंती.

रायगड आणि रत्नागिरीत काही भागांत पाइपचा गॅस आला आहे, तिथे हिशेब उलटा. तो हवेपेक्षा हलका, छताकडे जातो, तेव्हा वरच्या खिडक्या उघडाव्यात आणि मीटरजवळची चावी बंद करावी. तक्रारीचा क्रमांक मीटरवर किंवा बिलावर असतो. सिलिंडरसाठीच्या शेगडीचे जेट पाइपच्या गॅसला बारीक पडतात, ते बदलावे लागतात. सुईने किंवा ड्रिलने भोक वाढवणाऱ्याला शेगडीला हात लावू देऊ नये. उलटे, पाइपच्या जेटांची शेगडी गावी आणून सिलिंडरला जोडली तर ज्योत पिवळी, भांडी काळी आणि न जळलेल्या गॅसचा वास. मुंबईहून जुना हॉब गावच्या घराला ‘देऊन टाकणाऱ्यांनी’ एवढे तपासावे.

विसर्जनानंतर घर वर्षभरासाठी बंद होते. रेग्युलेटर काढून कॅप लावावी, नळी शेगडीला तशीच राहू द्यावी, बर्नरच्या टोप्या जागेवर ठेवून शेगडी जुन्या चादरीत चहूबाजूंनी गुंडाळावी. कुंभारीण माशी मातीचे घर करायला बर्नरखालची नळीच शोधते, आणि कोळ्यांनाही ती आवडते. पुढच्या खेपेला पेटवल्यावर ज्योत पिवळी आली, खालच्या हवेच्या भोकाशी भप् असा आवाज झाला किंवा तिथूनच गॅसचा वास आला, तर तिथे माती किंवा जाळे आहे. गॅस बंद करून बर्नरखालची ती नळी ब्रशने साफ करावी. सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर आतून एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात: ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत. बंद घरात पडून राहिलेला सिलिंडर ती ओलांडून गेलेला असेल तर न जोडता वितरकाकडून बदलून घ्यावा.

आपले,
गॅसजोडणी आणि शेगडी दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक,
राजापूर, जि. रत्नागिरी